दवंडीशिवाय सभा

४ फेब्रुवारी, मंगळवार

काढलं मला. 'आपलं वडशेत' ग्रुपमधून. सकाळी चहा घेताना फोन उघडला तर खाली पाटी — तुम्हाला काढून टाकण्यात आले आहे. जुनं सगळं वाचता येतं, लिहायची जागा मात्र गेली. म्हणजे ऐकायचं, बोलायचं नाही.

झालं ते असं. काल आमचा सरपंच साईराज याने ग्रुपवर प्रश्न टाकला — 'जुनी शाळा पाडून तिथे ओपन जिम करावी का?' खाली दोन पट्ट्या, हो आणि नाही. ज्याला जे वाटेल त्याने ते दाबायचं. शाळा राहावी की जावी हे बोटाने दाबून ठरवायचं! मी दाबलं नाही. मी बोललो. माइकचं चित्र दाबून धरलं आणि त्या शाळेत पाठ केलेल्या कविता म्हणायला लागलो. चौथीच्या पुस्तकातली आईची, पाचवीतली चिमणीची, सातवीतली नदीची. चौदा झाल्या. तेव्हा साईराजने लिहिलं — 'नाना, हा ग्रुप कामासाठी आहे. कविता घरी म्हणा.' त्याखाली तेवीस हसरी तोंडं. मग मीही हट्टाला पेटलो, पंधरावी म्हणून माझी जुनी दवंडीच दिली, पूर्ण आवाजात.

सकाळी पाटी.

तीनशे बारा माणसांसमोर काढलं. एकतीस वर्षं ज्याने या गावाला सभेला बोलावलं त्यालाच सभेतून उठवलं.

साईराज, मी हे लिहून ठेवतोय. माझ्या वहीतलं कुणाला काढून टाकता येत नाही.


५ फेब्रुवारी

झोप नाही. साईराजला काय काय करता येईल याचा विचार. एक — सर्वांदेखत विचारीन, तुझ्या मुंजीत पंगतीला कोण वाढत होतं? दोन — काहीच बोलणार नाही, तोंड फिरवीन. दोन्ही पोरकट.

त्याला राग कसला, तेच कळत नाही. तिशी नाही ओलांडली, खोपोलीच्या कारखान्यात सुपरवायझर होता, सोडून सरपंच झाला. पेपरात फोटो — 'डिजिटल सरपंच'. घरपट्टी फोनवर, दाखला फोनवर, दिवाबत्तीची तक्रार फोनवर. त्याचा आजा सरपंच असताना मी पंचायतीचा शिपाई. आजा मला 'कोंडाजी' म्हणायचा पण 'अहो' लावून.

सभेची दवंडी माझी. खांद्याला डफ, हातात काठी, आणि मारुतीच्या पारापासून सुरुवात. इतर गावांचे शिपाई नुसतं ओरडायचे, मी यमकात द्यायचो:

ऐका मंडळी, ठेवा खाली डोईवरची पाटी,
रविवारी सभा आहे तुमच्या-आमच्यासाठी.
आज जो बोलेल त्याचं उद्या लिहिलं जाईल,
घरात बसेल त्याचं म्हणणं घरातच राहील.

बायका दारात यायच्या. शेजारच्या कुंभिवलीची माणसं म्हणायची, तुमच्याकडं सभेला नाही आले तरी दवंडीला सगळे असतात. खरंच होतं ते. सभेला पंचवीस-तीस डोकी. कोरमला शंभर लागायची. मग संध्याकाळी मी रजिस्टर आणि शाईचा पॅड घेऊन घरोघर. सही येणाऱ्याची सही, न येणाऱ्याचा अंगठा. या ओटीवर चहा, त्या ओटीवर काकडी. 'काय ठरलं रं कोंडाजी?' मी सांगायचो, जमलं तर यमकात. माणूस माणसाच्या दारात जायचा. आता आहे का कुणाला कुणाचं दार माहीत?

वर कातळवाडी आहे, ठाकरांची. दोन तासांची चढण. तिथलं वेगळं. असो.


६ फेब्रुवारी

शाळेवरून मुद्दाम गेलो. दोन खोल्या. एक आमच्या वेळची, कौलारू. दुसरी त्र्याण्णव सालची, स्लॅबची. पोरं तीनच उरली म्हणून दोन वर्षांपूर्वी कुलूप. खिडकीतून फळा दिसला. शनिवारी त्या खिडकीपाशी उभं करून गुरुजी कविता म्हणायला लावायचे, बाहेर रस्त्यावरचा गाडीवान बैल थांबवून ऐकायचा. मला दोनदा पहिलं बक्षीस, एक पेन्सिल आणि एक पेरू.

तिथे जिम. लोखंडी पॅडल मारत कोण उभा राहणार? साईराज. त्याचे फोटो.


८ फेब्रुवारी, शनिवार

निकाल लागला म्हणे. सुनेच्या फोनवर पाहिला. हो — एकशे एक्क्याऐंशी. नाही — बारा.

"समिधा, तू काय दाबलंस?"

"हो."

"हो?"

"मग काय. बायकांनी चालायचं कुठं, नाना? हायवेला? का तुमच्या कवितेवर व्यायाम करायचा?"

जेवताना दुसरी भाकरी मागितली नाही. तिच्या लक्षातही आलं नाही.


१० फेब्रुवारी, सोमवार

आजचा दिवस सोन्याचा!

रेशनच्या केवायसीसाठी पंचायतीत गेलो होतो. तिथे तेजश्री बसते, कॉम्प्युटरवर. कातळवाडीची, जैतू ठाकराची नात. खोपोलीला कॉलेज केलं तिने, वाडीतली पहिलीच. पोरगी शांत, कामाची. मशीनवर माझा अंगठा ठेवला, लाल दिवा. पुन्हा ठेवला, लाल. आठ वेळा. सातवीत गवत कापताना विळा लागला होता, अंगठ्याच्या पोटात आडवा वण आहे, या काठापासून त्या काठापर्यंत.

तेजश्री वाकून बघत म्हणाली, "नाना, तुमच्या अंगठ्यातनं रस्ता गेलाय. मशीनला पलीकडं जाताच येत नाय."

कवितेत बसेल असं वाक्य. शेवटी करंगळी चालली.

मग सहज विचारलं, शाळेचा ठराव कुठवर आला? म्हणाली, ग्रामसभेचा ठराव म्हणून लिहिला, तीन तारखेची सभा.

"तीन तारखेला कसली सभा? कुठं भरली?"

"ग्रुपवर. सरपंच म्हनाले, एकशे त्र्याण्णव जनांनी मत दिलं. येवढी मानसं सभेला कंदी आली व्हती का?"

"आणि दवंडी?"

"ग्रुपवरच टाकलं ना सगळं."

दवंडी दिली नाही! सात दिवस आधी नोटीस लावायची, दवंडी द्यायची, आणि माणसं प्रत्यक्ष हजर हवीत — एकतीस वर्षं मी हाच नियम जगलो. साईराजला फोनमधलं सगळं येतं आणि एवढं साधं येत नाही.

खुर्चीतून उठलो तेव्हा गुडघा दुखला नाही.


१३ फेब्रुवारी

अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला. अक्षर अजून तेच, गुरुजींच्या वळणाचं. कुंभिवलीपर्यंत चालत, तिथून सहा आसनी रिक्षाने खालापूर. तालुक्याच्या कार्यालयात अर्ज दिला, पोच घेतली. तिथल्या कारकुनाने अर्ज वाचला आणि माझ्याकडे पाहिलं — "आजोबा, दवंडी? या जमान्यात?"

मी म्हटलं, "नियम काढा."

काढला त्याने. वाचला. मग मला पाणी दिलं.

परत येताना रिक्षात गुणगुणत होतो. शेजारची बाई म्हणाली, लग्नाला चाललाय का?


१५ फेब्रुवारी

साईराज समोरून आला, गाडी थांबवली. "नाना, रागावलात का? तीन दिवसांनी घेणार होतो ग्रुपमध्ये परत, राहूनच गेलं."

तीन दिवस. शाळेत आम्ही बाकावर उभे राहायचो तसं. मी फक्त "बघू" म्हणालो आणि शेताच्या बांधाकडे वळलो. त्याला कळलं नाही की त्याच्यावर काय येतंय. बरं वाटलं. फार बरं वाटलं.


२० फेब्रुवारी, गुरुवार

पत्र आलं! तीन तारखेची सभा ग्राह्य नाही. नव्याने ग्रामसभा घ्यावी, रीतसर दवंडी देऊन. २ मार्च, रविवार, सकाळी दहा.

माळ्यावरचा डफ खाली घेतला. चामडं सैल पडलंय, शेकोटीवर धरून ताणलं. काठी सापडली नाही, बांबूची नवी तासली. आता मला बोलवायला लागेलच. दुसरं गावात कुणाला येतं? साईराज स्वतः दारात येईल, नाना, दवंडी द्याल का म्हणून विचारील. मी लगेच हो म्हणणार नाही. म्हणेन, बस. पाणी घे. मग विचार कर, कुणाला काढलंस.

समिधा विचारते, घरात कसला वास येतो? चामड्याचा, म्हटलं. सुडाचा म्हणालो असतो तर कळलं नसतं तिला.


२१ फेब्रुवारी

आला नाही.


२२ फेब्रुवारी, शनिवार



सकाळी आठला कचऱ्याची घंटागाडी आली. रोज तिच्यावर कचऱ्याचं गाणं लावतात. आज गाणं नाही. आज भोंग्याच्या डबड्यातून माझाच आवाज — 'ऐका मंडळी, ठेवा खाली डोईवरची पाटी…' माझी दवंडी! ग्रुपवर मी हट्टाने टाकली होती ती पंधरावी. तीच उचलली. शेवटी तेजश्रीच्या आवाजात तारीख आणि वेळ.

मी ओटीवर, हातात दात घासायची काडी. माझा आवाज कचऱ्याच्या गाडीतून आला, दारापुढं थांबला, पुढं गेला. पोरं मागनं धावत होती, म्हणत होती, "नाना गाडीत बसलाय!"

म्हणजे माणूस नको, आवाज तेवढा हवा. तोंड बंद केलं आणि त्याच तोंडातलं काढून माझ्यावर फिरवलं. नियमही पाळला! दवंडी झाली, सात दिवस आधी, अगदी माझीच.

आवाज बरा लागला होता, एवढं मान्य. तिसऱ्या ओळीला श्वास पुरला.

तो डफ मी फोडणार होतो. फोडला नाही. दुपारी पडल्या पडल्या एकच गोष्ट डोक्यात आली. घंटागाडी वाडीवर जात नाही. रस्ताच नाही. रेंजही नाही. वाडीवर तीस-पस्तीस घरं, सत्तर-ऐंशी मतदार. ग्रुपवर एक तेजश्री सोडली तर कुणी नाही. साईराजच्या तीनशे बारांत ते नाहीत, आणि गावचे आळशी तर घरीच बसणार.

साईराज, तुझी सभा मी भरवतो.


२४ फेब्रुवारी, सोमवार

पहाटे निघालो. डफ पाठीला, पिशवीत भाकरी. चार ठिकाणी बसलो. पळस पेटलेत सगळीकडे, एका वळणावर तर डोंगरच लाल. शाळेत असतो तर गुरुजींनी यावर चार ओळी करायला लावल्या असत्या.

वाडीच्या तोंडाला जैतूचं घर. ऐंशीचा असेल. कुडाच्या भिंतीला कारवीच्या काड्या बांधत होता. मान वळवून बघितलं.

"कोन, पंचायतीचं नाना? वाट चुकलाव का?"

"सभेचं सांगायला आलो."

"आमाला?" तो हसायला लागला, काडी तोंडात तशीच. "अवो, डफ वाजवत या डोंगराव कोनी आला तर आमची पोरं म्हनतील हाका घातलाय, डुक्कर उठलं. झाडाव चढतील."

वाजवला. पोरं झाडावर चढली नाहीत, भोवती गोळा झाली. बायका मोहाच्या झाडाखालून आल्या. मी दवंडी दिली, पूर्ण. चढणीने छाती भरली होती तरी दिली. शेवटची ओळ झाली — घरात बसेल त्याचं म्हणणं घरातच राहील — तर जैतू म्हणाला,

"बसलो कुटं नाना? आमाला कंदी कोनी सांगाया आलंच नाय. तुमी पयलं."

मी म्हटलं, आता आलो ना. सांगितलं, शाळा पाडतायत, सभेत हात वर करा — पाडू नका म्हणून. तुम्हाला न विचारता सरपंच ठरवतो, हेही सांगितलं. चांगलं तिखटमीठ लावून सांगितलं. बायकांचे चेहरे बदलले.

"शाळा तर पायजेच," जैतू म्हणाला. "मागं त्र्यान्नव सालात सरकारची खोली आली व्हती. वाडीत बांधायची का खाली गावात, असं व्हतं. आमी जागा साफ करून ठेवली, बगा ती, चिंचंखाली. मंग खालून निरोप आला, तुमीच लिवून दिलं, आमाला नको. मी म्हनलं, आमाला लिवाया येत असतं तर शाळा कशाला मागितली असती?"

सगळे हसले. जैतूही. मी पाणी मागितलं.

चिंचेखालची जागा अजून सपाट आहे. तिथे आता गवताच्या गंज्या रचतात.


२५ फेब्रुवारी

गुडघे सुजलेत. समिधाने शेक दिला. "या वयात कुणासाठी चढलात?" सांगितलं नाही.


२ मार्च, रविवार

सगळं लिहायचं आहे. क्रमाने लिहितो.

दहाला पंचायतीसमोर खुर्च्या. साईराज पांढऱ्या शर्टात, फोन तिकाटण्यावर उभा केलेला. सभा लाइव्ह! गावचे जमलेले मोजले — एकसष्ट. बाकीचे कुठे? घरी, फोनवर बघतायत. साईराज खूश, "नव्वद जण ऑनलाइन आहेत, मंडळी." बायकोने निवडलेली मेथी हातात घेऊन एक जण समोरच्या घराच्या खिडकीतूनच हात हलवत होता.

ग्रामसेवक म्हणाले, कोरमला शंभर हवेत. साईराज म्हणाला, एकसष्ट आणि नव्वद. ग्रामसेवकांनी डोकं हलवलं, "हजर माणसंच धरता येतात, साईराजभाऊ."

आणि तेव्हाच ते दिसले. पुलाकडून एका ओळीत, पुढे जैतू काठी टेकत, मागे बायका, कडेवर पोरं. चौऱ्याहत्तर! तेजश्री टेबलामागून उठली आणि आजाला खुर्ची दिली. साईराजचा चेहरा मी डोळे भरून पाहिला. देव मला क्षमा करो, इतकं सुंदर काही मी वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं.

हजेरी झाली. वाडीच्या म्हाताऱ्यांनी अंगठे दिले. जैतूने अंगठा दाबून बराच वेळ ठेवला, मग कागद वर धरून बघितला — "हे आमचं व्हय? बरं दिसतंय."

हात वर झाले. पाडावी — एकोणपन्नास. पाडू नये — त्र्याऐंशी. घरात बसलेल्यांचं म्हणणं घरातच राहिलं! फोनवर निळे अंगठे, लाल बदाम तरंगत वर जात होते, कुणी मोजले नाहीत.

साईराज हरला की नाही? हरला. पण गप्प बसला नाही. हसत म्हणाला, "नाना, अभिनंदन. पण तुमच्या वेळी कोरम कसा भरायचा तेही गावाला माहीत आहे. आजोबा सांगायचे."

लोक हसले. माझ्या जिंकलेल्या सभेत, माझ्यावर!

डोक्यात गेली. उभा राहिलो. म्हटलं, "सरपंच, माझ्या वेळची रजिस्टरं कपाटात आहेत. अठ्ठ्याहत्तर ते दोन हजार नऊ. काढ. एकेक पान फोटो काढून तुझ्या ग्रुपवर टाक. बघू दे गावाला, सभा कशाला म्हणतात आणि हजेरी कशाला म्हणतात."

टाळ्या. वाडीच्या बायकांनीही वाजवल्या.

"टाकतो," साईराज म्हणाला. "तेजश्री, लिहून घे."

मग जैतू उठला. त्याने तेच मागितलं, वाडीत शाळा. ग्रामसेवक म्हणाले, "बाबा, प्रस्ताव आधी दोनदा गेला होता. वरून परत आला. त्र्याण्णव सालच्या ठरावात वाडीनेच नको म्हटल्याची नोंद आहे, सह्या-अंगठ्यांसकट. ती खोटी ठरली तर गोष्ट वेगळी. आता जुनं रजिस्टर निघतंच आहे, बघू."

मी पुलापलीकडच्या पळसाकडे बघत राहिलो. वाऱ्यावर फुलं पडत होती.

पण जिंकलो. आज जिंकलो.


३ मार्च

ग्रुपमध्ये परत घेतलं. साईराजने स्वतः. 'कोंडाजी नाना यांचे स्वागत.' खाली निळे अंगठेच अंगठे, समिधाने मोजले, एकेचाळीस. तिचाही एक.

दुपारी साईराज पाराजवळ भेटला. "आवाज तुमचाच वापरला, न विचारता. चुकलंच. पण नाना, तसा गावात कुणाचा लागतच नाही."

हरलेल्या माणसाने इतकं चांगलं बोलू नये. जिंकल्याची चव जाते.

संध्याकाळी पहिली पानं आली. ७८, ७९. तेजश्री रोज दोन वर्षं टाकणार आहे.


५ मार्च, बुधवार

८२, ८३. हजेरीतली नावं मी लिहायचो. ग्रुपवर कौतुक — 'काय अक्षर आहे!' 'माझ्या पणजीची सही!' एकाने आपल्या मेलेल्या बापाच्या अंगठ्यावर फूल ठेवल्याचं चित्र टाकलं.

मी फोन पालथा ठेवला.


७ मार्च

८७.


८ मार्च, शनिवार

पंचायतीत गेलो. तेजश्री एकटीच, पान काचेवर पालथं घालत होती. म्हटलं, "पोरी, सगळं कशाला? मधली पानं कसरीने खाल्लीत, ओली झालीत. सोड ती. दोन हजारच्या पुढची घे, ती स्वच्छ आहेत."

"तुमीच म्हनालात ना नाना, एकेक पान."

"म्हणालो. रागात म्हणालो."

"मला तर बघायचीच हायेत," ती म्हणाली. "आज्या रोज विचारतो, त्र्यान्नव आलं का?"

कपाटाची किल्ली टेबलावर होती. एकतीस वर्षं ती माझ्या करगोट्याला होती. हात तिथवर गेला. तिने वर बघितलं, मी पाणी पिऊन बाहेर आलो.


९ मार्च

रविवार असून बसली आहे. ९१ आलं.


१० मार्च, सोमवार

तिने बोलावलं. पडद्यावर त्र्याण्णव. दोन बोटांनी पान मोठं केलं. जैतूचं नाव, माझ्या अक्षरात. पुढे अंगठा. त्याच्या खाली पुढचं नाव, पुढचा अंगठा. सतरा माणसं वाडीची. सतराही अंगठ्यांतून तोच आडवा रस्ता गेलेला.

शेजारी तिने आजाचा परवाच्या सभेतला अंगठा ठेवला होता. गोल, स्वच्छ.

"ग्रुपवर टाकलं नाय अजून," ती म्हणाली. "मी टाकू, का तुमी सांगताव?" नाना म्हणाली नाही.

तेव्हा वाडीवर गेलो नाही त्याला दोन तासांची चढण हे कारण नव्हतं. दुसरी खोली मला माझ्याच शाळेला हवी होती.

डफ खाली काढलाय. आधी वाडीवर, मग गावात. घरी आल्यापासून बसलोय, यमक जुळत नाही.